घाटाखाली थांबलेली नोंदवही

१५७८ साली मेक्सिकोत झापोटेक भाषेवरची दोन पुस्तके छापून निघाली, एक शब्दकोश आणि एक व्याकरण. लिहिणारा हुआन दे कोर्दोवा, डोमिनिकन पंथाचा धर्मोपदेशक. पुढच्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, थॉमस स्टीफन्स नावाचा तिशीतला इंग्रज जेझुइट गोव्याला उतरला. उरलेले आयुष्य त्याने गोव्यातच काढले, मुख्यतः साष्टीत, आणि १६१९ साली तो तिथेच वारला. या दोघांची कधी गाठ पडली नाही. पण दोघांपुढे पेच एकच होता. समोरचा माणूस जे बोलतो ते आपल्या अक्षरांत मावत नाही, मग ते उतरवायचे कसे?

कोर्दोवाचा शब्दकोश अभ्यासक अजूनही उघडतात. पण त्यातला शब्द मोठ्याने वाचून आज एखाद्या झापोटेक माणसाला ऐकवला तर तो बुचकळ्यात पडेल. झापोटेक ही एक भाषा नाही, दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातले ते भाषांचे एक कुळ आहे. एका खोऱ्यातले बोलणे पलीकडच्या खोऱ्यात कळेलच असे नाही. त्या भाषांत शब्दाचा अर्थ सुरावरही ठरतो. तीच व्यंजने, तेच स्वर, पण आवाज चढा लागला तर एक शब्द आणि उतरता लागला तर दुसरा. शिवाय गळ्यातून आवाज कसा निघतो यावरही अर्थ फिरतो. सान लुकास किआविनी या गावच्या बोलीत स्वर चार तऱ्हांनी उच्चारला जातो: मोकळा, हवा मिसळलेला, करकरणारा आणि मध्येच तोडलेला. पामेला मन्रो या भाषाशास्त्रज्ञ आणि त्याच गावचे फेलिपे लोपेझ यांनी १९९९ साली काढलेल्या शब्दकोशात हे चारही प्रकार शब्दागणिक नोंदवलेले आहेत. कोर्दोवाच्या लेखनात सूर नाहीत आणि गळ्याच्या या तऱ्हाही नाहीत. त्याच्या स्पॅनिश कानाला त्या वेगळ्या लागल्या नसाव्यात, किंवा लागल्या तरी लिहायला चिन्ह नव्हते.

यातला हवा मिसळलेला आवाज आपल्याला अगदी परका नाही. घर, झाड, ढग, धार, भात हे शब्द म्हणताना पहिल्या व्यंजनाबरोबर जो घोगरा श्वास बाहेर पडतो तो त्याच जातीचा. आपल्याकडे तो व्यंजनाला चिकटतो, त्यांच्याकडे स्वराला.

स्टीफन्स कोर्दोवापेक्षा एका बाबतीत सुदैवी होता. त्याने शिकलेल्या भाषेला आधीच एक लिपी होती, आणि त्या लिपीमागे ध्वनींची बारीक छाननी करणारी दोन हजार वर्षांची परंपरा होती. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही मांडणी आपण शाळेत पाठ करतो. जिभेचा कुठला भाग तोंडात कुठे लागतो याचे ते वर्गीकरण आहे. रोमन अक्षरांत लिहिताना मिशनऱ्यांनी ट, ड, ण, ळ या मूर्धन्यांसाठी अक्षर दुप्पट लिहिण्याची युक्ती काढली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती वेंधळी वाटते, पण फरक ऐकू आला आणि तो राखायचा आहे असे ठरले याची ती खूण आहे. स्टीफन्सचे ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. कोकणीचे व्याकरण मात्र त्याच्या हयातीत छापून झाले नाही. दियोगु रिबेरू याने भर घातल्यावर ते १६४० साली राचोलच्या छापखान्यातून बाहेर पडले.

कोकणीत ए दोन प्रकारचा आहे आणि ओ दोन प्रकारचा. एकात तोंड अधिक उघडते, दुसऱ्यात कमी, आणि कित्येक ठिकाणी शब्दाचे लिंगही या उघडझापेवर कळते. देवनागरीत ए एकच आणि ओ एकच, त्यामुळे देवनागरीत कोकणी लिहिताना हा भेद बुडतो. पोर्तुगीज भाषेत मात्र असाच भेद आहे. आजोबा आणि आजी यांसाठीचे त्यांचे दोन शब्द केवळ शेवटच्या ओकाराच्या उघड्या-मिटल्या उच्चाराने वेगळे होतात. म्हणून पुढे रोमी लिपीत कोकणी लिहिणाऱ्यांना या स्वरांसाठी पोर्तुगीज स्वरचिन्हे आयतीच मिळाली. मूर्धन्यांत कमी पडणारी लिपी स्वरांत सरस ठरली. कुठलीही लिपी बोलीला पुरी पडत नाही, आणि कुठल्या ठिकाणी कमी पडेल हे तिच्या मूळ भाषेवर ठरते. ध्वनींच्या क्षेत्रकार्याची सगळी धडपड या एका अडचणीपासून सुरू होते.

१६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या सत्तेच्या आश्रयाने व्याकरण छापले गेले तिनेच चव्वेचाळीस वर्षांनी भाषा मोडायला काढली. लोकांनी भाषा सोडली नाही. १८५५ साली सरकारचे सचिव म्हणून आलेल्या कुन्या रिव्हारा यांनी स्टीफन्सचे व्याकरण शोधून १८५७ साली पुन्हा छापले. मधली जवळजवळ दोनशे वर्षे ऐकण्याच्या दृष्टीने कोरडीच म्हणायची.

कोकणीची गोष्ट गोव्यापुरती नाही; आता घाट चढून कुळगीकडे यायला हवे. उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका, त्यातले दांडेलीपासून जवळचे हे गाव. वनखात्याच्या निसर्ग-शिबिरामुळे पर्यटकांना ठाऊक असलेले. तालुक्याच्या पश्चिमेला गोवा, मधून वाहणारी काळी नदी, आणि चहूकडे जंगल. इथल्या जंगलात कुणबी राहतात, गवळी धनगर राहतात, सिद्दी राहतात. कुणब्यांच्या घरात कोकणी बोलतात. गवळी धनगर मराठीची आपली बोली बोलतात. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणले गेले ते सिद्दी घरात कोकणीचे आपले वळण बोलतात. शाळा, कचेरी आणि बस यांची भाषा कन्नड. ध्वनी ऐकणाऱ्या माणसाला याहून भरलेला मुलूख शोधूनही सापडायचा नाही.

राज्यकारभाराच्या रेषा या मुलखावर वरचेवर पुसल्या आणि पुन्हा ओढल्या गेल्या. कानडा जिल्हा मद्रास इलाख्यात होता. १८६२ साली त्याचा उत्तर भाग मुंबई इलाख्याला जोडला आणि दक्षिण कानडा मद्रासकडे राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी उत्तर कानडा म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने पुढे ज्या ८१४ गावांवर दावा सांगितला त्यांत कारवार, हल्याळ आणि सूपा (जोयड्याचे तेव्हाचे नाव) या तालुक्यांतली गावे आहेत. हा वाद मी इथे सोडवायला बसलेलो नाही. त्याचा उल्लेख एवढ्यासाठी की कोणती बोली कोण ऐकणार हे या रेषांनी ठरवले.

त्याचा पहिला ठळक दाखला जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात सापडतो. १८९४ साली सुरू झालेल्या या प्रचंड कामातून १७९ भाषा आणि ५४४ बोलींची मोजदाद झाली. मद्रास इलाखा, ब्रह्मदेश, हैदराबाद आणि म्हैसूर संस्थान मात्र त्यातून वगळले होते. म्हणजे कारवारची कोकणी सर्वेक्षणाच्या आवाक्यात आली आणि मंगळूरची बाहेर राहिली, कारण १८६२ ची रेषा मधून जात होती. मराठीचा खंड, सातवा, १९०५ साली निघाला. तो तयार केला नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी, ग्रियर्सनचे साहाय्यक म्हणून, युरोपात बसून. मराठीची खऱ्या अर्थाने बोली म्हणावी अशी कोकणी ही एकच, असे मत त्यांनी दिले. ते शासकीय पुराभिलेखतज्ज्ञ म्हणून भारतात आले १९०६ साली, खंड छापून झाल्यावर.

त्या सर्वेक्षणाची पद्धत टपालाची होती. बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट, स्थानिक कहाणी किंवा जबानी, आणि शब्द-वाक्यांची एक ठरलेली यादी जिल्ह्याकडे जाई. तिथले अधिकारी स्थानिक बोलीतले रूप लिहवून घेत आणि कागद परत पाठवत. लिहिणारा साक्षर असणार हे उघडच, आणि साक्षर माणूस लिहिताना शाळेत शिकलेल्या लेखनाकडे ओढला जातो. प्रमाण मराठीतही हे रोज घडते. ‘चार माणसे’ आणि ‘गुरांना चार’ यांतले दोन च वेगळे आहेत, लिहिताना एकच. ‘जरा थांब’ मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’ मधला ज वेगळा, लिहिताना एकच. आपण मराठी वाचणारे आहोत म्हणून चूक होत नाही. कारवारहून आलेला कागद युरोपात वाचणाऱ्याने काय करायचे? मला ग्रियर्सनचे श्रम कमी लेखायचे नाहीत. त्या खंडांवाचून आजही कुणाचे पान हलत नाही. पण त्यांतून व्याकरण मिळते, शब्द मिळतात, वाक्याची घडण मिळते. ध्वनी अंदाजानेच काढावे लागतात.

ही उणीव ग्रियर्सन यांनाही टोचत असली पाहिजे. १९१३ पासून १९२९ पर्यंत वेगवेगळ्या प्रांतांत बोलणारी माणसे बसवून ग्रामोफोनच्या तबकड्या भरल्या गेल्या. गोष्ट बहुधा तीच, उधळ्या पुत्राची, पण या वेळी माणसाच्या तोंडून. त्या तबकड्या आता संगणकावर ऐकता येतात. खरखरीतून येणारा तो आवाज ऐकताना छापील नमुन्याचा अपुरेपणा एका मिनिटात कळतो. कुठे स्वर लांबला, कुठे शेवटचा अकार गिळला, कुठे नाकातून हुंकार आला हे कागदावर नव्हतेच.

मराठीच्या ध्वनींचा इतिहास शास्त्रीय रीतीने लिहिला तो फ्रान्सच्या झ्यूल ब्लोक यांनी. १९२० साली पॅरिसला प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने भाषांतर केले. संस्कृत ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’, मग हिंदीत ‘हाथ’ पण मराठीत ‘हात’. हिंदीत ‘भीख’ पण मराठीत ‘भीक’. शब्दाच्या शेवटी महाप्राण सोडून देण्याची मराठीची ही सवय आणि अशा कितीतरी सवयी ब्लोकनी नियमात बसवून दाखवल्या. ब्लोक वाचल्यावर एक प्रश्न आपोआप उभा राहतो: मराठीचे झाले, कोकणीचे काय?

उत्तर दिले उत्तर कन्नड जिल्ह्यातल्याच माणसाने. सुमित्र मंगेश कत्रे यांचा जन्म १९०६ साली होन्नावरला झाला. लंडन विद्यापीठाची पीएच.डी. १९३१ ची. ‘द फॉर्मेशन ऑफ कोकणी’ हा त्यांचा ग्रंथ १९४२ साली निघाला. नावच सांगते की समोर ब्लोकचा आदर्श होता. पण ब्लोक यांच्यापाशी नसलेली एक गोष्ट कत्रे यांच्यापाशी होती. कोकणी त्यांच्या घरची भाषा होती. गोव्याची हिंदू बोली, ख्रिस्ती बोली, सारस्वतांच्या बोली अशी रूपे शेजारी शेजारी ठेवून ते फरक दाखवू लागले तेव्हा प्रथमच या किनाऱ्याचा ध्वनिविचार आतून बोलणाऱ्या माणसाने मांडला. स्टीफन्सच्या व्याकरणानंतर तीनशे वर्षांनी.

त्याच वर्षी कत्रे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संचालक झाले आणि १९७१ पर्यंत राहिले. कॉलेज १९३४ साली बंद पडले होते, १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. आज कत्रे यांचे नाव पाणिनीच्या अष्टाध्यायीच्या इंग्रजी भाषांतरासाठी आणि संस्कृतच्या महाकोशाच्या योजनेसाठी घेतले जाते. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम वेगळे आहे. त्यांनी भाषाशास्त्र संस्कृतच्या पोथीतून उठवून बोलणाऱ्या माणसाच्या पुढ्यात नेऊन बसवले. १९५४ पासून रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने डेक्कन कॉलेजने भाषाशास्त्राच्या शाळा भरवल्या. जॉन गम्पर्झ यांच्यासारखे अमेरिकन अभ्यासक तिथे शिकवायला आले. भारतभरचे तरुण अध्यापक सुट्टीत येऊन विद्यार्थी होऊन बसले.

तिथे शिकवली जाणारी पद्धत ज्यांनी घडवली त्यांतले एक मोठे नाव केनेथ पाइक. मेक्सिकोत, झापोटेकच्या शेजारच्या मिस्टेक भाषेचे सूर ऐकत त्यांनी आपली पद्धत पक्की केली. अलिखित भाषेला लेखन कसे द्यावे हे सांगणारे त्यांचे पुस्तक १९४७ सालचे. ओआहाकाच्या डोंगरात कोर्दोवाचा कान जिथे अडला होता तिथून जवळच निघालेली ही रीत पन्नाशीच्या दशकात मुळा-मुठेच्या काठी भाषाशास्त्राचे विद्यार्थी गिरवू लागले.

ती रीत दिसायला साधी आहे. बोली लहानपणापासून बोलणारा एक माणूस निवडायचा. त्याला शब्द विचारायचे: डोके, हात, पाणी, भाकरी, पाऊस. तो म्हणेल ते ध्वनिलिपीत लिहायचे, स्वतः म्हणून दाखवायचे आणि तो ‘हं, असंच’ म्हणेपर्यंत सोडायचे नाही. शंभर-दोनशे शब्द जमले की जोड्या लावायच्या, एकाच ध्वनीने वेगळे होणारे दोन शब्द शोधायचे. जोडी सापडली की त्या बोलीत ते दोन ध्वनी वेगळे आहेत हे सिद्ध झाले, मग लिपी काहीही म्हणो. नंतर तो माणूस गोष्ट सांगतो आणि यादीत न आलेले ध्वनी गोष्टीच्या ओघात वर येतात. हे सगळे तासन् तास चालते, आणि त्यात बुद्धीइतकीच भिडस्तपणा सोडण्याची तयारी लागते. शिकलेल्या माणसाने अडाणी समजल्या गेलेल्या माणसासमोर पुन्हा पुन्हा चुकीचे बोलून दाखवायचे आणि त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यायचे. प्राध्यापक विद्यार्थी होतो आणि शेतकरी गुरुजी.

पन्नाशीची वर्षे मराठी ध्वनिविचारासाठी भरभराटीची होती. पॅरिसला ब्लोक यांच्याकडे शिकून आलेल्या ना. गो. कालेलकरांचे ‘ध्वनिविचार’ १९५५ साली निघाले. शुद्धलेखनाच्या वादात बुडालेल्या मराठी वाचकाला उच्चार आणि लेखन या दोन गोष्टी निराळ्या आहेत हे इतक्या प्रसन्न मराठीत त्याआधी कुणी सांगितले नव्हते. पुढे त्यांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशोक केळकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९५८ साली मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. पण या दोघांचा मुख्य विषय प्रमाण मराठी आणि भाषेचा सिद्धांत. बोलींकडे जायला कुणीतरी निघायला हवे होते.

ते निघाले अमृत माधव घाटगे. अर्धमागधीचे पंडित, जैन प्राकृताचे जाणकार. त्यांनी आयुष्याचा एक मोठा तुकडा मच्छीमारांच्या, कुणब्यांच्या, वारल्यांच्या तोंडचे शब्द ध्वनिलिपीत उतरवण्यात घालवला. प्राकृत म्हणजे एके काळची लोकांची बोली. तिच्या पंडिताने जिवंत बोलीकडे वळावे यात मला एक सरळ संगती दिसते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले. तिसऱ्या वर्षी, १९६३ साली, मंडळाने घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे पहिले पुस्तक काढले. त्याचा विषय दक्षिण कानड्याची कोकणी, म्हणजे ग्रियर्सनच्या रेषेपलीकडे राहून गेलेला नेमका तोच मुलूख. १९६५ साली कुडाळी आली, १९६६ साली महाडच्या कुणब्यांची बोली. मग कोचीन, काणकोण, ठाण्याचे वारली, कासरगोडची मराठी, गोव्यातली गावडी.

या पुस्तकांची ठेवण ठरलेली आहे: आधी ध्वनी, मग रूपे, मग त्या बोलीतल्या गोष्टी भाषांतरासह, शेवटी शब्दसूची. गोष्टींत घरची सून आहे, राजा आहे, वाघ आहे. त्या वाचताना छापील पानावरही सांगणाऱ्याचा श्वास लागतो. शब्द जिथे तोडला तिथे तोडलेला, जिथे जोडला तिथे जोडलेला.

मालिकेच्या नावावर मात्र वाद होता, आणि तो होणारच होता. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला आणि गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय दिला. त्यामागे कोकणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली हा प्रश्न धगधगत होता. पुढच्याच वर्षी, १९६८ साली, ‘मराठी बोलींचे सर्वेक्षण’ असे शीर्षक मिरवत काणकोणच्या कोकणीवरचे पुस्तक बाहेर पडले. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. तेव्हा मालिकेचे नाव काळाने खोडले हे मान्य करायला हवे. पण पुस्तकातल्या नोंदी कुणी खोडल्या नाहीत. काणकोणच्या माणसाने नाकातून उच्चारलेला स्वर नाकातूनच उच्चारलेला राहतो, त्याला मराठीचा म्हणा की कोकणीचा. नाव देण्याची घाई राजकारणाला असते. ऐकणाऱ्याने ती करू नये, आणि घाटगे यांनी नाव दिले असले तरी ऐकताना ती केली नाही. म्हणूनच पर्वरीच्या थॉमस स्टीफन्स कोकणी केंद्राने १९८९ साली मॅथ्यू आल्मेदा यांचे कोकणीचे वर्णनात्मक व्याकरण काढले तेव्हा पुढे जायला पाया तयार होता.

काणकोण हा गोव्याचा दक्षिण टोकाचा तालुका. त्याच्या पाठीशी सह्याद्री आणि सह्याद्री चढला की जोयडा. दोन्हीकडे कुणबी आहेत. घाटाच्या वाटांनी माणसे, सोयरिकी, मीठ आणि मसाला खालीवर होत आला. पण १९६८ साली गोवा स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश आणि जोयडा म्हैसूर राज्यात. महाराष्ट्राच्या मंडळाची मालिका काणकोण, कासरगोड, कोचीनपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गेली. काळीच्या वरच्या खोऱ्यातला कुणबी, गवळी धनगर, सिद्दी यांच्यावर तीत पुस्तक नाही. नोंदवही घाटाखाली थांबली.

आणि नेमके याच दशकांत खोरे हलले. दांडेलीचे अभयारण्य १९५६ चे, कागद कारखानाही त्याच सुमाराचा; त्यांनी बाहेरची माणसे आणि बाहेरच्या भाषा आणल्या. त्याहून मोठा धक्का पाण्याचा. गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधले आणि १९८० च्या दशकात सूपा हे तालुक्याचे गाव जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, नाव बदलले, विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. १९८७ साली अणशीचे राष्ट्रीय उद्यान, पुढे व्याघ्र प्रकल्प, २०१५ पासून त्याचे नाव काळी व्याघ्र प्रकल्प. जंगलाच्या आतल्या वस्त्यांतली काही कुटुंबे मोबदला घेऊन बाहेर पडली.

बोलीच्या बाबतीत याचा अर्थ गंभीर आहे. वस्ती उठली आणि चार ठिकाणची माणसे एका वसाहतीत आली की उच्चारातले बारीक फरक सर्वांत आधी झिजतात. शब्द टिकतात, कारण वस्तू टिकतात. सूर, स्वराची लांबी, शब्दाच्या मध्यात ढिला पडणारा महाप्राण हे शेजाऱ्याशी जुळवून घेताना नकळत सुटते. मुले शाळेत कन्नड शिकतात, बाजारात मराठी-हिंदी ऐकतात, आणि आजीसारखे बोलले तर वर्गात हसतात म्हणून आजीसारखे बोलणे टाळतात. कन्नड शिकण्यात वाईट काही नाही. चार भाषा बोलणारे मूल श्रीमंतच. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की कन्नड, मराठी, उर्दू पिढ्यान् पिढ्या एका गावात नांदल्या तर त्यांची वाक्ये एकमेकींच्या साच्यात बसू लागतात, शब्द मात्र आपापले राहतात. जोयड्यात कोकणी आणि कन्नड यांच्यात असे काय घडले असेल, ध्वनी एकमेकांकडे किती सरकले असतील, हा प्रश्न कुपवाडइतकाच मोलाचा आहे.

साधने आता हाताशी आहेत. पूर्वी जिभेला कोळशाची पूड लावून टाळूवरचे ठसे पाहावे लागत आणि काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर श्वासाच्या रेघा उमटवाव्या लागत. आज चांगल्या ध्वनिमुद्रणातून संगणक स्वराचा आलेख काढून देतो. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने, सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण केले. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसांची बोलणी ध्वनिमुद्रित करून नकाशांसह महाजालावर ठेवली आहेत, कुणालाही ऐकता येतील अशी. गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी २०१३ साली सिद्ध केला, त्यात बोलणाऱ्या समाजांतलीच माणसे लिहिती झाली. कत्रे यांच्यापासून किआविनीच्या लोपेझपर्यंत अनुभव हाच आहे. बोली ज्याची आहे तो माणूस माहिती देणारा न राहता अभ्यास करणारा झाला की काम खोल जाते.

म्हणून माझे म्हणणे जोयडा, हल्याळ, कारवारच्या शिकलेल्या मुलामुलींना आहे, आणि काणकोण-सांग्यातल्या त्यांच्या सोयऱ्यांनाही. कुणी प्राध्यापक येईल म्हणून थांबू नका. तुमच्या घरात कंदमुळांची नावे, कुमरीच्या म्हणजे फिरत्या शेतीतली कामे, काळीच्या पुराच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे आहेत. भ्रमणध्वनी त्यांच्यासमोर ठेवा, पंखा आणि टीव्ही बंद करा, आणि त्यांना बोलू द्या; मध्ये प्रमाण भाषेत दुरुस्त्या करू नका. आधी त्यांची परवानगी विचारा. मुद्रणाच्या सुरुवातीला गावाचे नाव, धरणाआधीचे गाव वेगळे असेल तर तेही, बोलणाऱ्याचे वय आणि तारीख मोठ्याने सांगा. एक प्रत घरी ठेवा, एक जवळच्या महाविद्यालयाच्या भाषा विभागात द्या आणि तिची पोच मागून घ्या.